प्रकाशाला आज्ञेत ठेवणारे संशोधक : सर जोसेफ स्वान

नाटकाचा पडदा वर गेला म्हणजे प्रेक्षकांचे लक्ष नटांकडे, गायकांकडे आणि फार तर नेपथ्याकडे जाते. ज्या प्रकाशात हे सर्व दिसते, त्या प्रकाशाची आठवण सहसा कोणास होत नाही. किंबहुना ती होऊ नये यातच त्याचे यश असते. सायंकाळचा प्रवेश चालू असावा, उजेड हळूहळू मावळत जावा, क्षणभर गडद अंधार पसरावा आणि पुन्हा पहाट फुटावी, हे सारे आज आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यामागे कोणाचे कष्ट असतील असा विचारही मनात येत नाही. परंतु दिवा लावणे आणि विझविणे ही एक गोष्ट झाली. तो हवा तितका मंद किंवा तेजस्वी करणे ही दुसरी गोष्ट झाली. विजेच्या दिव्याच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट ज्यांच्या दीर्घ परिश्रमांमुळे शक्य झाली, त्या सर जोसेफ विल्सन स्वान यांचे अल्प चरित्र आम्ही यंदा आपल्या सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

स्वान यांचा जन्म इंग्लंडच्या ईशान्य भागातील संडरलँड येथे ३१ ऑक्टोबर १८२८ रोजी झाला. त्यांचे शालेय शिक्षण लवकरच संपले व किशोरवयातच ते गावातील एका औषधविक्रेत्याच्या दुकानी उमेदवार म्हणून राहिले. महाविद्यालयाची पायरी चढण्याचा योग त्यांना आला नाही. पुढे ते न्यूकॅसल येथे जॉन मॉसन या रसायनविक्रेत्याच्या व्यवसायात दाखल झाले. मॉसन हे त्यांच्या बहिणीचे यजमान. या गृहस्थांनी आपल्या मेहुण्यास नोकरासारखे न वागविता भागीदार करून घेतले, एवढेच नव्हे, तर दुकानाच्या मागे प्रयोग करण्याची मोकळीकही दिली. औषधांच्या बाटल्या, काचेची नळकांडी, आम्ले व तराजू यांच्या संगतीत या तरुणाचे खरे शिक्षण झाले. पुस्तके वाचावी, वाचलेले करून पाहावे आणि फसले तर कारण शोधावे, हा त्यांचा नित्यक्रम होता.

विजेपासून घरात वापरता येईल असा दिवा करावा हा ध्यास त्यांना विशीतच लागला. वीज एखाद्या बारीक कोळशाच्या तंतूतून नेली की तो तापून प्रकाशमान होतो, हे तत्त्व तेव्हा विद्वानांस ठाऊक होते. अडचण अशी की, उघड्या हवेत तो तंतू क्षणात जळून जाई. म्हणून स्वान यांनी कागदाच्या पट्ट्या भट्टीत भाजून त्यांचा कोळसा केला व त्या काचेच्या फुग्यात बसवून आतील हवा काढून घेतली. १८६० च्या सुमारास असा दिवा त्यांनी प्रत्यक्ष लावूनही दाखविला. परंतु त्या काळचे हवा काढण्याचे पंप अपुरे होते, उरलेली हवा तंतूला खाऊन टाकी आणि बॅटरीची वीजही महाग व अल्पजीवी असे. तेव्हा स्वान यांनी तो प्रयोग बाजूस ठेवला.

येथे आमच्या तरुण वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. प्रयोग बाजूस ठेवणे म्हणजे सोडून देणे नव्हे. मधल्या काळात स्वान हातावर हात ठेवून बसले नाहीत. छायाचित्रे कालांतराने फिकट होत, ती टिकाऊ व्हावी म्हणून त्यांनी कार्बन-मुद्रणाची पद्धत सिद्ध केली व १८६४ साली तिचे पेटंट घेतले. याच काळात त्यांच्या संसारावर मोठे आघात झाले. १८६७ च्या डिसेंबरात न्यूकॅसल शहरात सापडलेला नायट्रोग्लिसरीनचा धोकादायक साठा गावाबाहेर नेऊन नष्ट करीत असता स्फोट झाला आणि त्यात, शहराचे शेरीफ या नात्याने तेथे उपस्थित असलेले मॉसन प्राणास मुकले. पुढील वर्षी स्वान यांच्या पत्नी फ्रान्सिस यांचेही निधन झाले. व्यवसायाचा सारा भार आणि आईवेगळी लहान मुले एकाच वेळी पदरात आली. अशा स्थितीत कोणी जुना दिवा विसरून गेला असता तर त्यास दोष देता आला नसता.

परंतु स्वान विसरले नव्हते. हरमान स्प्रेंगेल या शास्त्रज्ञाचा पाऱ्यावर चालणारा पंप प्रचारात आला आणि त्याच्या साह्याने काचेचे भांडे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक निर्वात करता येऊ लागले, हे कळताच त्यांनी जुने काम पुन्हा हाती घेतले. निर्वात करण्याच्या कलेत निष्णात असलेले चार्ल्स स्टर्न यांचे त्यांना मोलाचे साह्य झाले. डिसेंबर १८७८ मध्ये न्यूकॅसलच्या रसायन मंडळापुढे त्यांनी आपला दिवा दाखविला. तो थोडा वेळ जळून बंद पडला. न खचता फेब्रुवारी १८७९ मध्ये त्याच शहरातील साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या सभागृहात सातशेहून अधिक श्रोत्यांसमोर त्यांनी तो यशस्वी करून दाखविला. पहिल्या प्रयत्नापासून या दिवसापर्यंत अठरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पुढे सुती दोऱ्यावर गंधकाम्लाची क्रिया करून अधिक एकजीव व टिकाऊ तंतू त्यांनी तयार केला आणि १८८० साली त्याचे पेटंट मिळविले.

या दिव्याचे महत्त्व कळण्यासाठी तेव्हाच्या नाट्यगृहांची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. युरोपातील रंगमंच गॅसच्या ज्योतींनी उजळत असत. गॅसची तोटी कमीजास्त फिरवून उजेड मंद किंवा प्रखर करता येई आणि त्यातून सुंदर परिणाम साधत. परंतु पडदे, रंगविलेली कापडे, नटींचे झिरझिरीत पोषाख आणि शेकडो उघड्या ज्योती असा तो संसार होता. विजेचा एक दिवा पूर्वीपासून उपलब्ध होता, तो म्हणजे कोळशाच्या दोन कांड्यांमधील ठिणगीचा आर्क दिवा. पॅरिसच्या ऑपेरात १८४९ साली सूर्योदय दाखविण्यासाठी तो वापरला गेला. पण त्याचा उजेड डोळे दिपविणारा व करडा. शिवाय तो सावकाश मंद करता येत नसे. एक तर तो पूर्ण तेजाने जळे, नाही तर विझे. म्हणजे गॅस आज्ञेत राही पण घात करी. आर्क दिव्यास रंगमंचाची आज्ञा पाळताच येत नसे. १८८१ या एकाच वर्षात मार्चमध्ये नीस येथील ऑपेरागृह आगीत गेले आणि ८ डिसेंबर रोजी व्हिएन्नाच्या रिंग नाट्यगृहास आग लागून शेकडो प्रेक्षकांचा अंत झाला. दोन्ही ठिकाणी आगीचे मूळ गॅसच्या दिव्यांत होते.

त्याच वर्षी लंडनमध्ये रिचर्ड डॉयली कार्ट या नाट्यव्यवस्थापकाने सॅव्हॉय नावाचे नवे नाट्यगृह बांधले आणि ते संपूर्ण विजेने उजळण्याचा निश्चय केला. दिवे स्वान यांचे, सुमारे १,२००. वीज निर्माण करणारी यंत्रे सीमेन्स कंपनीची. १० ऑक्टोबर १८८१ रोजी नाट्यगृह उघडले तेव्हा यंत्रांची शक्ती अपुरी पडल्याने केवळ प्रेक्षागार विजेने उजळले. रंगमंचावर गॅसच होता. २८ डिसेंबर रोजी रंगमंचही विजेच्या प्रकाशात आला. व्हिएन्नाच्या दुर्घटनेस तेव्हा अवघे वीस दिवस झाले होते. प्रेक्षकांच्या मनातील भीती जावी म्हणून कार्ट यांनी स्वतः रंगमंचावर येऊन एक जळता दिवा मलमलीच्या कापडात गुंडाळून फोडून दाखविला. हवा लागताच तंतू विझला आणि कापडास डागही पडला नाही.

परंतु आमच्या मते त्या रात्रीचा खरा चमत्कार दिवा फुटण्यात नव्हता, तर दिवा मंद होण्यात होता. रंगमंचाचे दिवे गटागटांनी जोडलेले असून त्यांच्या नियंत्रणासाठी लोखंडी तारेची वेटोळी बसविली होती. दांडा एक एक टप्पा फिरविला की वेटोळ्यांचा अधिकाधिक भाग विजेच्या वाटेत येई. पाटाच्या पाण्यात दगड टाकीत गेल्यास पुढे पाणी कमी जाते, तद्वत वेटोळ्यांच्या रोधामुळे दिव्यांकडे जाणारी वीज कमी होई व उजेड उतरत जाई. शुभ्र प्रकाश पिवळा होई, मग तांबूस आणि शेवटी तंतू निखाऱ्यासारखा मंद लाल राही. सायंकाळच्या प्रवेशास याहून योग्य रंग तो कोणता? आज ज्यास आपण डिमर म्हणतो, त्याचे हे आरंभीचे रूप होय. वेटोळे ही काही स्वान यांची निर्मिती नव्हे. परंतु ज्याचे तेज पायरीपायरीने उतरविता येते असा निर्धोक दिवा हाती आल्यावाचून त्या वेटोळ्यास अर्थ उरला नसता.

या साधनात उणिवा होत्या. दिव्यास न मिळालेली वीज वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाई आणि जितके दिवे, तितक्यांच्याच बेताचे वेटोळे असावे लागे. पुढे मीठपाण्याचे डिमर आले. पाण्याच्या भांड्यात धातूच्या दोन पट्ट्या सोडून त्यांतील अंतर कमीजास्त केले की उजेड कमीजास्त होई. आम्ही शिक्षकी पेशात नवे असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात असे एक मातीचे बरणीवजा भांडे पाहिले होते. पाणी तापून वाफ येऊ लागे, म्हणून मुलांना त्याच्या आसपास फिरकू देत नसत. पुढे रोहित्रावर चालणारे डिमर आले, १९६० च्या सुमारास थायरिस्टर आला आणि आता तर एलईडी दिव्यांचे तेज संगणकाच्या पटलावरून बोटाच्या स्पर्शाने बदलते. साधने पालटली, तरी उजेड मनुष्याच्या आज्ञेत राहावा हे सूत्र तेच राहिले.

आपल्या मराठी मनास मौज वाटावी असा एक योगायोग येथे सांगितला पाहिजे. स्वान यांच्या बावन्नाव्या वाढदिवशी, म्हणजे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग झाला. त्याच महिन्यात न्यूकॅसलमध्ये स्वान यांचे दिवे एका सभागृहात उजळले होते. विजेस आपल्या नाट्यगृहांत स्थिरावण्यास मात्र अवकाश लागला. मुंबईत १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, पण ते फार काळ टिकले नाहीत. मधली कित्येक वर्षे आपल्या थोर नटांनी तेलाच्या दिव्यांपुढे आणि किटसनच्या बत्त्यांपुढे उभे राहून रंगभूमी गाजविली, हे विसरून चालणार नाही.

विजेचा दिवा म्हटला की शाळकरी मुले एडिसन यांचे नाव घेतात. स्वान या इंग्रजी शब्दाचा अर्थ हंस. आणि हंसाचा धर्म नीरक्षीरविवेक. तोच विवेक येथे करणे उचित होईल. कोळशाच्या तंतूचा निर्वात दिवा लोकांसमोर आधी दाखविला तो स्वान यांनी. अधिक रोधाचा बारीक तंतू योजून, वीज निर्माण करण्यापासून घरोघर पोचविण्यापर्यंतची सारी व्यवस्था उभी केली ती एडिसन यांनी. १८८३ साली इंग्लंडमध्ये दोघांच्या कंपन्या एकत्र आल्या आणि दिव्यांवर दोघांचीही नावे जोडून येऊ लागली. न्यायालयात वर्षानुवर्षे झगडत बसण्यापेक्षा हा मार्ग दोघांच्याही थोरवीस शोभणारा होता. जगाने पुढे एकाचेच नाव लक्षात ठेवले, हा दोष त्या दोघांचा नव्हे.

दिव्यासाठी अधिक चांगला तंतू शोधता शोधता स्वान यांनी रासायनिक द्रव बारीक छिद्रांतून दाबून धागा काढण्याची रीत शोधली. त्या धाग्याची त्यांच्या द्वितीय पत्नी हॅना यांनी विणकामे केली व ती १८८५ च्या प्रदर्शनात मांडली गेली. कृत्रिम रेशमाच्या आद्य नमुन्यांत त्यांची गणना होते. १८९४ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले आणि १९०४ साली त्यांना सर हा किताब मिळाला. २७ मे १९१४ रोजी सरे परगण्यातील वॉरलिंगहॅम येथे, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आम्हां देवनारकरांस विजेचे अप्रूप उरलेले नाही. तुर्भ्याचे औष्णिक वीजकेंद्र १९५६ पासून आपल्या शेजारीच आहे. आपल्या वस्तीतील कितीतरी तरुण कारखान्यांत, वायरिंगच्या कामावर व नाटकांच्या प्रकाशयोजनेत हातभार लावून आपले घर चालवितात. त्यांच्या हाती मोठ्या पदव्या असतीलच असे नाही. त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, औषधाच्या दुकानातील एका उमेदवाराने अठरा वर्षे धीर धरला, दुःखे सोसली, योग्य साधन मिळताच जुने काम पुन्हा हाती घेतले, आणि त्यामुळे जगातील नाट्यगृहे आगीच्या भयातून मुक्त होण्याचा मार्ग खुला झाला. येत्या संमेलनात नाटकाचा प्रवेश संपताना दिवे हळूहळू उतरू लागतील, तेव्हा टाळ्या नटांना मिळतीलच. परंतु विंगेतल्या अंधारात डिमरवर हात ठेवून उभ्या असलेल्या मुलाचीही आपण विचारपूस करावी. तो स्वान यांच्याच परंपरेतला आहे. त्या थोर संशोधकाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.