रघूजी भोसले (दुसरे) : परसबागेत संत्रे लावणारा राजा

थंडीत बारामती-इंदापूरच्या बाजारातून घरी जाताना आपण किलोभर नागपुरी संत्री घेतो. दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना पिशवीत तीच असतात. साल सैल, सुरी लागत नाही, लहान मूलही सोलून खाते. हे फळ विदर्भात आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या राजाची ही ओळख.

नागपूरचे जानोजी भोसले यांना मूल नव्हते. त्यांनी भाऊ मुधोजी यांचा मुलगा रघूजी दत्तक घेतला. जानोजी १७७२ मध्ये वारले. पुढे कारभार मुधोजींनी पाहिला आणि १७८८ मध्ये त्यांच्या निधनानंतर तो रघूजींकडे आला. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध लढलेल्या मराठा फौजांत तेही होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) संत्र्याची रोपे आणून आपल्या परसबागेत लावली, असे सांगितले जाते.

१८०३ हे वर्ष मात्र वाईट गेले. असई आणि अडगाव येथे इंग्रजांकडून पराभव झाला, गाविलगड पडला. डिसेंबरमध्ये देवगावच्या तहाने कटक गेले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला. तरीही तैनाती फौज त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारली नाही. २२ मार्च १८१६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज वर्धा नदीच्या त्याच पश्चिम काठाला वरुड-मोर्शी भागात संत्र्याच्या बागाच बागा आहेत. राजाने गमावलेला मुलूख त्याच्या फळाने व्यापला. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

यातून आपण काय घ्यावे? बाहेरून आणलेले झाड आधी परसात लावून पाहावे. आपल्याकडे कालव्याखालच्या अनेक जमिनी भारी, चुनखडीच्या आणि कमी निचऱ्याच्या आहेत. अशा जमिनीत संत्र्याची पाने पिवळी पडतात, डिंक्या येतो. म्हणून रोपे घेण्याआधी माती तपासा. मुक्त चुनखडी १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर संत्र्याचा नाद सोडा. जमीन योग्य असेल तर रंगपूर लिंबू किंवा जंबेरी खुंटावरील खात्रीची कलमे घ्या. सुरुवात चार-पाच झाडांनी करा. एकरभर बागेचा खर्च नंतर.