फोनवर भलत्याचंच बोलणं ऐकू यायचं, म्हणून ग्राहम बेलनं तारांना पीळ घातला

राऊटरची लॅन केबल सोलून बघा. आत आठ तारा दिसतील, त्याही दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. या पिळाचं पेटंट १८८१ साली घेतलं होतं अलेक्झांडर ग्राहम बेलनं. होय, तोच टेलिफोनवाला.

बेलचा जन्म १८४७ चा, एडिंबराचा. आईला नीट ऐकू यायचं नाही. दोन्ही भाऊ क्षयानं गेले, तेव्हा घरच्यांनी उरलेल्या पोराला घेऊन १८७० मध्ये कॅनडा गाठलं. पुढं बॉस्टनमध्ये बेल कर्णबधिरांना शिकवू लागला. तिथली विद्यार्थिनी मेबल त्याची बायको झाली, तिलाही ऐकू येत नव्हतं.

१८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि नवीच कटकट सुरू झाली. तेव्हा फोनला एकच तार असायची, परतीचा रस्ता जमिनीतून. एका तारेतला बदलता करंट भोवती चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि शेजारच्या तारेतही करंट उमटतो. त्यामुळं फोनवर टेलिग्राफची कटकट आणि परक्यांच्या गप्पा ऐकू यायच्या.

बेलनं जमीन सोडली, दोन तारा घेतल्या आणि त्यांना पीळ दिला. पीळ दिल्यावर दोन्ही तारा आळीपाळीनं शेजारच्या लाइनजवळ येतात. दोघींत गडबड सारखीच शिरते आणि एकमेकींना खोडून टाकते. लॅन केबलमध्ये तर चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवतात, नाहीतर त्या आपसातच बोलतील.

ही गडबड खोडण्याचे प्रयोग करताना बेलला आणखी एक गोष्ट कळली होती. दोन कॉइल्सचा तोल साधून आवाज बंद केला आणि जवळ धातू आणला, की तोल बिघडून पुन्हा आवाज येतो. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती कुठं अडकलीय ते डॉक्टरांना सापडेना. बेल हेच यंत्र घेऊन व्हाइट हाऊसमध्ये पोचला.

यंत्र चांगलं होतं. पण गादीखाली स्टीलच्या तारा होत्या, त्यांचाच आवाज येत राहिला. त्यात डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडं होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

त्याच ऑगस्टमध्ये बेलचा दिवस भरण्याआधी जन्मलेला मुलगा श्वास न घेता आल्यानं दगावला होता. मग बेल श्वास देणारं यंत्र बनवायला बसला.

१९२२ मध्ये बेल गेला. अंत्यविधीच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातले फोन एक मिनिट बंद ठेवले होते.