रेडिओवरून फिल्मी गाणी घालवणारा पुण्याचा मंत्री, आणि सिलोनला लागलेली लॉटरी

गाणं सुरू होतं, कडव्यावर येतं आणि तेवढ्यात जाहिरात लागते. एफएमवर हे रोजचंच. पण एक माणूस असा होऊन गेला, ज्याला रेडिओवर जाहिरातीचा वाससुद्धा नको होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्याचं नाव.

केसकरांचा जन्म १९०३ सालचा, पुण्याचा. शिक्षण थेट पॅरिसच्या सॉरबॉनपर्यंत, तिथून डॉक्टरेट. शिवाय धृपदाची तालीम घेतलेला माणूस. १९५२ मध्ये नेहरूंनी त्यांना माहिती आणि नभोवाणी मंत्री केलं आणि पुढची दहा वर्षं ते त्या खात्यात राहिले.

केसकरांचं मत स्पष्ट होतं. सरकारी रेडिओ लोकांना शास्त्रीय संगीत ऐकायला शिकवेल, फिल्मी गाणी त्यात अडथळा आहेत. त्यांनी या गाण्यांचा वेळ कापला. त्यावर आणखी एक नियम केला, आणि खरी ठिणगी त्यानेच पडली. गाण्याआधी चित्रपटाचं नाव घ्यायचं नाही, फक्त गायकाचं घ्यायचं. कारण काय, तर चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे त्याची फुकट जाहिरात!

निर्माते भडकले. गाणी वाजवायची परवानगीच त्यांनी काढून घेतली आणि काही महिन्यांत आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास गायब झाली.

लॉटरी लागली ती समुद्रापलीकडे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेलं शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र रेडिओ सिलोनच्या हाती होतं आणि तिथे जाहिरातींना दार सताड उघडं होतं. पुणं असो की तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या जालन्याचं मस्तगड, शॉर्टवेव्हचा काटा फिरवला की कोलंबो लागायचं. ३ डिसेंबर १९५२ ला बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला. निवेदक अमीन सयानी, वय जेमतेम वीस. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. पैसे टूथपेस्टचे.

आता गाण्याला कात्री कोण लावतं ते बघा. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून पडद्यावरची काही कडवी तबकडीवर यायचीच नाहीत. रेडिओवर त्यात वेळेचा हिशोब आला. गीतमालेच्या सुरुवातीच्या अर्ध्या तासात सात गाणी बसवायची, वर निवेदन आणि टूथपेस्टचं कौतुक. गणित तुम्हीच करा.

याउलट विनाजाहिरात रेडिओवर काय होऊ शकतं, तेही याच काळात पुण्यात दिसलं. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण दर आठवड्याला एक गाणं असं वर्षभर, एकूण ५६ गाणी, ऐकवलं. कुठल्या मालाची वेळ सांभाळायची नसल्याने भरपूर कडव्यांची गाणी निवांत गाता आली. तबकडीच्या हिशोबात हे बसलंच नसतं.

केसकरांनी उभंही बरंच केलं. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, रविशंकरांच्या नेतृत्वाखालचा वाद्यवृंद, रेडिओ संगीत संमेलन. कलाकारांना ऑडिशन लावली म्हणून शिव्याही खाल्ल्या. हार्मोनियमवरची बंदी मात्र त्यांच्या नावावर उगाच खपवली जाते, ती १९४० पासूनची. त्यांनी ती उठवली नाही, एवढंच.

पण श्रोते गेले ते गेलेच. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली आणि फिल्मी गाणी सरकारी रेडिओवर परतली, केसकर मंत्री असतानाच. आमच्या मते ही त्यांची हारच होती, फक्त ती कुणी मोठ्याने म्हटली नाही.

१९६२ मध्ये ते लोकसभेला पडले आणि पुढे नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती आल्या, त्याही आधी मुंबई, पुणे आणि नागपूरवर. मग नव्या चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम निघाले. संवादाचा तुकडा, गाण्याचा मुखडा, पुन्हा संवाद. आणि चित्रपटाचं नाव? ते तर दर मिनिटाला.

केसकर १९८४ मध्ये गेले. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, गीतमाला कोलंबोहून विविध भारतीवर आली.