गिरणी कामगाराच्या खोलीतलं कराटे : कानबुन उएची

भाईंदरच्या आमच्या वस्तीत शनिवारी संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये मुलींचा कराटे वर्ग भरतो. वर्ग सुरू होण्याआधी पंधरा-वीस मिनिटं मी त्यांच्याशी बोलते, कधी कायद्यावर, कधी घरच्या अडचणींवर. मागे एकीने विचारलं की कराटे बोधिधम्मांनी शोधलं, हे खरं ना? ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. पण बोधिधम्मांनी शाओलिनच्या भिक्खूंना व्यायाम शिकवला ही कथा ज्या चिनी ग्रंथाच्या आधारावर उभी आहे, तो 17 व्या शतकातला. बोधिधम्म त्याच्या हजारेक वर्षं आधीचे. बुद्धाचं नाव जोडलं म्हणून पुराव्याची अट सोडायची, हे आपल्याला शोभत नाही. त्या दिवशी मी मुलींना बोधिधम्मांऐवजी एका गिरणी कामगाराची गोष्ट सांगितली.

कानबुन उएची यांचा जन्म 1877 साली ओकिनावा बेटावरच्या इझुमी गावात झाला. ते दोन वर्षांचे असताना जपानने तिथलं र्यूक्यू राज्य मोडून आपला एक जिल्हा करून टाकला. कागदोपत्री लोक जपानी झाले, पण भाषा वेगळी, रीतीभाती वेगळ्या, त्यामुळे मुख्य बेटांवर त्यांना कमीच लेखलं जाई. उएचींचं घराणं जुन्या मानाचं होतं. पोट मात्र शेतीवरच चालायचं. 1898 पासून ओकिनावात सक्तीची लष्करभरती लागू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी विशीतले कानबुन समुद्र ओलांडून चीनमधल्या फूच्यान प्रांतात, फूचौ शहरात पोहोचले. ज्या राज्याने आपलं राज्य गिळलं, त्याच्यासाठी बंदूक उचलायची नव्हती. शिवाय तिथली कुस्तीविद्या शिकायची ओढही होती.

तिथे त्यांना शू शिवा नावाचे गुरू भेटले. चिनी उच्चार चौ झिहे. त्यांच्याकडे वनौषधी आणि लढण्याची विद्या अशी दोन्ही शिकवण मिळाली. या पद्धतीचं नाव पांगाइनून, म्हणजे अर्धी कठोर, अर्धी मऊ. वाघ, बगळा आणि ड्रॅगन यांच्या चालींवर ती बेतलेली. लांबून झेप घेणं, उंच लाथा मारणं हा तिचा स्वभाव नाही. समोरचा हाताच्या अंतरात आला की खरं काम सुरू. त्याचा हात गोलाकार फिरवून बाजूला सारायचा आणि त्याच दमात बोटांची टोकं, अंगठा, बोटाचं पेर किंवा पायाचा अंगठा वापरून नेमक्या जागी घाव घालायचा. लोकलच्या डब्यात किंवा चाळीच्या जिन्यात जेवढी जागा मिळते, तेवढ्यात हे बसतं. सगळ्याचा पाया सांचिन. पाय जमिनीत रुतवून, श्वास सांभाळून तीन-तीन पावलं टाकायची. बघायला अगदी साधं, पण दोन मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात. (मी करून पाहिलंय.)

उएचींनी तीन काता आणल्या: सांचिन, सेसान आणि सानसेरू. शेवटच्या दोन नावांत 13 आणि 36 हे आकडे आहेत. 36 म्हणजे सहा गुणिले सहा, म्हणून अनेक शिक्षक त्याचा संबंध डोळे, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन या सहा आयतनांशी लावतात. त्याच मुलखातून ओकिनावात आलेल्या गोजू-र्यू शैलीतही याच नावांच्या काता आहेत आणि तिथे 108 आकड्याचीही एक आहे. बौद्ध धम्माची खूण शोधायचीच तर ती इथे दिसते, चमत्कारकथेत नाही.

फूच्यानमध्ये कानबुननी स्वतःची शाळाही काढली. परदेशी माणसाने चिनी मुलांना चिनी विद्या शिकवायची, म्हणजे मोठाच मान. आणि तिथेच घात झाला. त्यांच्या एका शिष्याचं शेतीवरून भांडण झालं आणि त्याच्या हातून समोरचा माणूस मेला. गावाने शिष्याबरोबर गुरूलाही दोषी धरलं. कानबुननी शाळा बंद केली, 1910 च्या सुमारास ओकिनावाला परतले आणि पुन्हा कुणालाही शिकवायचं नाही असं ठरवलं. लग्न केलं, शेती केली, मुलं झाली. जवळपास पंधरा वर्षं त्यांनी तोंड उघडलं नाही. आमच्या मुली या जागी एकदम गप्प झाल्या. शिकवणाऱ्याचा दोष किती, यावर नंतर बराच वाद झाला. मला विचाराल तर पूर्ण दोष त्यांचा नव्हता, पण त्यांनी तो झटकला नाही, हे मला मोठं वाटतं.

1924 साली ओकिनावात उपासमारीची वेळ आली. साखरेचे भाव कोसळले होते आणि माणसं मिळेल तिथे कामाला जात होती. कानबुनही जपानमधल्या वाकायामा शहरात सूतगिरणीत लागले. तिकडच्या औद्योगिक पट्ट्यात काही ठिकाणी कोरियन आणि ओकिनावाचे लोक नकोत अशा पाट्या लागलेल्या असत. आपल्या आजोबांना हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडात धरावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला होता.

उएचींच्या शेजारी र्यूयू तोमोयोसे नावाचा गाववाला कामगार राहायचा. त्याला कानबुनच्या विद्येचा सुगावा लागला. सांगतात की तो रोज नवीन प्रश्न घेऊन यायचा, असा हल्ला झाला तर काय करावं, तसा झाला तर काय, आणि कानबुन नकळत दाखवून बसायचे. शेवटी त्यांनी मान्य केलं. गिरणीच्या कामगार वसाहतीतल्या आपल्या खोलीत, पाळी संपल्यावर, मोजक्या ओकिनावन कामगारांना ते शिकवू लागले. पुण्यात लहुजी वस्तादांची तालीम उघड होती, जोतीराव फुले तिथे दांडपट्टा शिकले. इथे मात्र विद्या बंद दाराआड, रोज मान खाली घालून काम करणाऱ्या माणसांपुरती. 1932 साली त्यांनी वाकायामात जाहीर शाळा काढली आणि 1940 मध्ये शिष्यांनी पद्धतीला उएची-र्यू हे नाव दिलं.

युद्धानंतर ते ओकिनावाला परतले. बेट बेचिराख झालं होतं. 1948 साली इए नावाच्या लहानशा बेटावर मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांचं निधन झालं.

त्यांचा मुलगा कानेइ यांनी पुढे फुतेनमात शाळा चालवली, नव्या काता जोडून त्यांची संख्या आठवर नेली. फुतेनमा म्हणजे अमेरिकन तळाचं ठिकाण. तिथे तैनात असलेले अमेरिकन सैनिक शिकायला येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर ही पद्धत अमेरिकेत पोहोचली. लष्करभरती टाळून घर सोडलेल्या माणसाची विद्या सैनिकांनीच जगभर नेली.