निकालानंतरचे नागरिकत्व

निवडणूक आली म्हणजे औशाच्या पेठेत दुसरा विषय नसतो. आणि निकाल लागला म्हणजे जिंकणारा गुलालात, हरणारा रागात बुडतो व बाकीचा समाज आपले नागरिकत्व पुढील पाच वर्षांकरिता गुंडाळून ठेवतो. ही रीत आमच्या मते लोकसत्तेस घातक आहे. या बाबतीत स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र आपणांस पुष्कळ शिकविते.

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. १९२० साली लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा या तरुण विद्यार्थ्याने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ राबून ते १९२९ साली, औशाहून फार दूर नसलेल्या हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. तेथे असतानाच त्यांनी संन्यास घेतला. परंतु संन्यास म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे, ही समजूत त्यांनी आचरणाने खोटी ठरविली. पुढे अंबाजोगाईसही त्यांनी शाळेचेच काम चालविले.

निजामी राज्यात राज्यकारभार प्रजेस जबाबदार नव्हता. तो व्हावा म्हणून १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहू लागली, तोच तिजवर बंदी आली. स्वामीजींनी सत्याग्रह करून कारावास पत्करला. बंदी १९४६ साली उठली व संघटनेचे नेतृत्व त्यांजकडे आले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश आनंद करीत असता त्यांस अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तेव्हा ते तुरुंगातच होते.

विजयानंतरची जबाबदारी विजयाहून जड असते. रझाकारांनी जनतेवर जुलूम केला हे खरे. परंतु मुक्तीनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांसही भयंकर दुःख भोगावे लागले, व चौकशीकरिता भारत सरकारास पंडित सुंदरलाल यांची समिती धाडावी लागली. औसा त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. जिंकलेल्याने हरलेल्याशी कसे वागावे, हा प्रश्न आपल्या गावास नवा नाही.

स्वामीजी १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादेहून लोकसभेवर निवडून गेले. दहा वर्षे सभासद असूनही मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. भाषावार प्रांतरचनेचा पुरस्कार करून, ज्या हैदराबाद राज्यात त्यांचे वजन होते त्याचेच विभाजन त्यांनी इष्ट मानले. १९५६ साली ते झाले. १९६२ साली संसदेतील कारकीर्द संपली, तरी लोककार्य संपले नाही. मुक्तिलढ्याची हकीकत त्यांनी ग्रंथरूपाने लिहून ठेविली. २२ जानेवारी १९७२ रोजी ते निवर्तले. नांदेडचे विद्यापीठ त्यांच्या नावाने १९९४ साली स्थापन झाले.

या चरित्राचे सार असे की, पद हे सेवेचे एक साधन होय, एकमेव साधन नव्हे. मग मतदार तरी मत टाकून मोकळा कसा होईल? नगरपरिषदेचा अर्थसंकल्प वाचणे, नळाचे पाणी व शाळेची दुरुस्ती यांचा पाठपुरावा करणे, शेजारच्या वृद्धेचे नाव मतदारयादीत आहे किंवा नाही हे पाहणे, ही कामे निवडणुकीपूर्वी व नंतरही सारखीच निकडीची आहेत. व्यापारी बंधूंस आमची विशेष विनंती आहे: विरुद्ध पक्षाचा म्हणून कोणाची उधारी तोडू नये, कोणाचा माल नाकारू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी याच तालुक्यात किल्लारीस भूकंप झाला. ढिगाऱ्याखाली सापडलेल्याचा पक्ष कोणी विचारीत नाही. मग सुखाच्या दिवसांत तो विचारण्याचे कारण काय?