हिशेब आपला, सही कुणाची?

एक जुलै हा आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा वाढदिवस. १९९८ साली याच दिवशी धुळ्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. पण मैत्रिणींनो, याच तारखेला देशात आणखी एक वाढदिवस असतो, हे ठाऊक आहे का? १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंटची, म्हणजे आपण ज्यांना नुसतं सीए म्हणतो त्यांची, संस्था कायद्यानं उभी राहिली. म्हणून हा दिवस सीए दिन.

सीए म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? फायलींचा ढीग, जाड चष्मा आणि त्यामागे बसलेले एक साहेब. साहेबच! बाई काही चटकन येत नाही. म्हणूनच आज एका बाईंची ओळख करून द्यावीशी वाटली. भारतातल्या या पहिल्या महिला लेखापाल. नाव आर. शिवभोगम. सीएचा अभ्यास करणाऱ्या मुलींना हे नाव माहीत असतं, बाकी आपल्याकडे ते फारसं कुणाच्या कानावर आलेलं नसतं.

शिवभोगमबाईंचा जन्म मद्रासचा, २३ जुलै १९०७ चा. मुलगी चार बुकं शिकली तरी पुष्कळ झालं, असं समजणारा तो काळ. ही मुलगी मात्र शाळा संपवून क्वीन मेरीज कॉलेजात गेली. १९१४ साली सुरू झालेलं हे मद्रासमधलं मुलींचं पहिलं कॉलेज. देशात तेव्हा गांधीजींच्या चळवळीचं वारं होतं. शिवभोगमबाईही त्यात ओढल्या गेल्या. खादी अंगावर आली, परदेशी मालावरच्या बहिष्कारात त्या उतरल्या आणि शेवटी व्हायचं तेच झालं. पकडलं, शिक्षा झाली आणि एक वर्ष वेल्लोरच्या तुरुंगात काढावं लागलं.

आता विचार करा. विशी-पंचविशीतली मुलगी, तुरुंगात. बाहेर लोक काय बोलत असतील, ते मी वेगळं सांगायला नको. आपल्या गावात मुलगी साधी पोलीस ठाण्याची पायरी चढली तरी आठ दिवस चर्चा पुरते! पण या बाईंनी त्या वर्षात आपल्या पुढच्या आयुष्याचा निर्णय केला. आपण हिशेबनीस व्हायचं, तेही परीक्षा देऊन, रीतसर.

कुठली परीक्षा? तिचं नाव जी.डी.ए., म्हणजे हिशेबशास्त्राची सरकारी पदविका. सीएची ही जुनी आजीच म्हणा ना! आणि गंमत म्हणजे तिचा जन्म आपल्या मुंबईतला, १९१८ सालचा. मोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासायचे तर सरकारी परवाना लागे. त्यासाठी ही परीक्षा द्यायची आणि शिवाय जाणत्या लेखापालाच्या हाताखाली उमेदवारीही करायची. नुसती पुस्तकं पाठ करून भागत नसे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, सगळं हातानं करून बघावं लागे.

तुरुंगातून सुटल्यावर शिवभोगमबाईंनी ही वाट धरली. सी. एस. शास्त्री या मद्रासच्या लेखापालांकडे त्यांनी उमेदवारी केली. या परीक्षेला बसून तोवर भारतातली एकही बाई उत्तीर्ण झालेली नव्हती. म्हणजे शंका विचारायला मोठी बहीण नाही की नोट्स मागायला मैत्रीण नाही. आधी गेलेली कुणी नसली की वाट विचारायची तरी कुणाला? १९३३ साली त्या पास झाल्या. देशातल्या पहिल्या महिला लेखापाल.

इथं गोष्ट संपली असती तर आपण टाळ्या वाजवून मोकळ्या झालो असतो. पण खरी अडचण पुढेच होती.

१९३२ च्या नियमांनी केंद्र सरकारनं लेखापालांची एक नोंदवही ठेवायला सुरुवात केली होती. त्या वहीत ज्याचं नाव, त्यालाच हिशेब तपासून सही करायचा अधिकार. १९३७ मध्ये शिवभोगमबाईंनी स्वतःचा व्यवसाय सुरू करायचं ठरवलं, तेव्हा इंग्रज सरकारचा कायदा आडवा आला. तुरुंगवास भोगलेल्या माणसाची लेखापाल म्हणून नोंद होणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे अभ्यास झाला, परीक्षा झाली, उमेदवारी झाली, पण वहीत नाव नाही. नाव नाही म्हणून सही नाही. आणि सही नाही तर एवढं सगळं करून घरी बसा!

दुसरी कुणी असती तर कुणाच्या तरी पेढीत कागद भरत बसली असती. काम हिचं आणि सही साहेबांची. बाईंनी तसं केलं नाही. ज्या कारणासाठी त्या तुरुंगात गेल्या, त्याची त्यांना लाज नव्हती. त्यांनी त्या कायद्याविरुद्ध थेट कोर्टात दाद मागितली आणि निकाल आपल्या बाजूनं मिळवला. नाव वहीत लागलं. मद्रासमध्ये त्यांचं स्वतःचं काम सुरू झालं.

मला या सगळ्या चरित्रात ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. परीक्षा पास होणं हा एक उंबरठा आणि आपल्या नावानं काम करायला मिळणं हा दुसरा. आपल्याकडे पहिल्याचं कौतुक होतं, पेढे वाटले जातात. दुसऱ्या उंबरठ्यावर मात्र कितीतरी बायका अडकतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

हा उंबरठा जगभर होता बरं का! लंडनच्या मेरी हॅरिस स्मिथ या बाई १८४४ च्या. हिशेबाचा त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता. १८९१ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या चार्टर्ड अकाउंटंट संस्थेकडे सभासदत्व मागितलं. उत्तर आलं, नाही. कारण? त्या बाई. शेवटी १९१९ मध्ये तिकडे कायदा बदलला आणि १९२० साली त्यांना सभासदत्व मिळालं, तेव्हा त्यांचं वय होतं ७५! आणि आपल्या नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी? १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली ती १९२२ मध्ये. मध्ये तीस वर्षं. बायकांना वकिली करू देणारा कायदा भारतात आला १९२३ साली.

शिवभोगमबाईंकडे पुन्हा येऊ. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा आला आणि जुन्या नोंदणीकृत लेखापालांचे चार्टर्ड अकाउंटंट झाले. १९५५ ते १९५८ या काळात शिवभोगमबाई या संस्थेच्या दक्षिण विभागाच्या अध्यक्ष होत्या. ज्या व्यवसायात आपलं नाव लागावं म्हणून कोर्टात जावं लागलं, त्याच व्यवसायातल्या पुरुषांनी भरलेल्या सभेच्या खुर्चीवर त्या बसल्या. पण मला जास्त आवडलं ते त्यांचं १९५६ चं काम. सीएच्या अंतिम परीक्षेत मुलींमध्ये सगळ्यात चांगले गुण मिळवणारीसाठी त्यांनी बक्षीस ठेवलं. आपल्याला विचारायला पुढे कुणी नव्हतं, निदान मागून येणारीला पाठीवर हात तरी मिळावा! १४ जून १९६६ ला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, मद्रासच्या बाईंची गोष्ट तापीकाठच्या सारंगखेड्यात बसून कशाला सांगतेस? सांगते.

आमच्या गल्लीत एक मुलगी सीएच्या मधल्या परीक्षेचा, इंटरमीजिएटचा, अभ्यास करते आहे. घरीच. मोठ्या शहरात क्लास लावायचा तर फी, खोली, डबा, सगळंच आवाक्याबाहेर. संस्थेची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, त्यावरच तिचं चाललंय. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत. ही मराठी शाळेतली. बाकी विषय तिला जमतात, पण आर्थिक व्यवस्थापन, म्हणजे फायनान्शियल मॅनेजमेंट म्हटलं की पोटात गोळा येतो. प्रत्येक पेपरात निदान ४० टक्के आणि गटात मिळून ५० टक्के लागतात. एका पेपरानं दगा दिला की पूर्ण गट हातचा जातो. इकडे घरी स्थळं यायला लागली आहेत. दर निकालाला तिची आई विचारते, अजून किती दिवस गं?

एकदा मी तिची वही चाळली आणि हसू आलं. त्यातलं निम्मं तर आपण रोज करतो!

हे बघा. व्यापारी म्हणाला, कापसाचे ५०,००० आत्ता घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी ५३,००० देतो. काय कराल? घरात पैशाची नड असेल आणि बचत गटाचं कर्ज महिना दोन टक्क्यांनी काढावं लागणार असेल, तर ५०,००० वर सहा महिन्यांचं व्याज झालं ६,०००. मिळणार जास्तीचे ३,०००. म्हणजे आत्ताच घेतलेले बरे! हे गणित आपल्या गटातल्या अंगठा देणाऱ्या आजीसुद्धा तोंडी करतात. पुस्तकात त्याला पैशाचं कालमूल्य म्हणतात. आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा, एवढाच त्याचा अर्थ.

किंवा दत्तजयंतीची आपली यात्रा घ्या. घोडेबाजार बघायला कुठून कुठून माणसं येतात. यात्रेत खाण्याचं दुकान लावणारी बाई बेसन, तेल, गॅस आधी भरते, काही उधारीवर घेते, आणि गल्ला नंतर भरतो. मधल्या दिवसांत हातात किती रोकड हवी, हे तिला बरोबर कळतं. तेच खेळतं भांडवल. दिवसाला किती प्लेटा गेल्या म्हणजे जागेचं भाडं सुटेल आणि पुढची प्लेट नफ्याची होईल, तोही पुस्तकातला एक धडाच.

मी त्या मुलीला हेच सांगितलं. आधी गावातलं उदाहरण मराठीत लिही, मग त्याच्याशेजारी पुस्तकातलं सूत्र मांड. सूत्र पाठ करून मग अर्थ शोधायला गेलं की ते डोक्यावरून जातं. आणि रोज एक गणित पुस्तक मिटून, घड्याळ लावून, शेवटपर्यंत सोडव. घरी अभ्यास करणाऱ्यांचं नुसतं वाचून होतं, हात चालत नाही. परीक्षेत तर हातच चालवायचा असतो. तिच्या आईलाही एक सांगितलं. दुपारचे तीन तास तिला हाक मारायची नाही. पाहुणे आले तरी चहा आपण करायचा.

बघा ना, हिशेबात बायका कच्च्या असं म्हणणाऱ्यांच्याच घरी महिनाअखेरीचा ताळमेळ बाईच लावते. गटाचं कर्ज, खतांची उधारी, मुलांची फी, लग्नाचा आहेर, सगळं तिच्या डोक्यात. पण सातबाऱ्यावर नाव बघा, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर, दुकानाच्या परवान्यावर सही बघा. तिथं ती किती ठिकाणी असते?

प्रत्येकीनं सीए व्हावं असं मी म्हणणार नाही. पण जी मुलगी घरात बसून जिद्दीनं झगडते आहे, तिला निदान परीक्षा पुरी होईपर्यंत वेळ द्या. आणि ती पास झाली की फोटो काढून थांबू नका. तिच्या नावाची पाटी लागेपर्यंत तिच्यामागे उभ्या राहा. आपल्यापुरतं म्हणाल, तर या आठवड्यात एवढंच करा. घरातले कागद काढा, ज्यांचा हिशेब तुम्ही ठेवता त्यातल्या किती कागदांवर तुमचं नाव आहे ते मोजा, आणि जिथं नाही तिथं ते लावायला काय करावं लागेल, हे तलाठ्याला, बँकेत, सोसायटीत जाऊन स्वतः विचारून या.