अंग थकले तरी गाणे सोडले नाही : नटसम्राट बालगंधर्व

नागठाणे म्हटले की आपल्याकडे दोन गावे डोळ्यांपुढे येतात. एक साताऱ्याजवळ हमरस्त्यावरचे, आणि दुसरे पलूस तालुक्यातले कृष्णाकाठचे. नारायण श्रीपाद राजहंस यांचे घराणे कृष्णाकाठच्या नागठाण्याचे. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व या नावाने ओळखतो. त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीचे त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना हे नाव दिले आणि ते जन्मभर टिकले.

त्यांच्या नाटकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण आपण शेतकरी माणसे अंगमेहनतीवर जगतो. वय झाले, गुडघे धरले, की करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. बालगंधर्वांचे तर सारे कामच शरीरावर अवलंबून होते. त्यांना तो प्रश्न कसा पडला आणि त्यांनी काय केले, हे आपण बघण्यासारखे आहे.

मिरजेतून सुरुवात

नारायण पोरवयाचा असताना त्याला कानाचे दुखणे होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याचे गाणे ऐकले होते. त्यांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या मिशन दवाखान्यात डॉ. वॉनलेस यांच्याकडे पाठविले. त्या काळात किर्लोस्कर नाटक मंडळीला स्त्रीपार्टी नटाची गरज होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारल्यापासून ती जागा रिकामी होती. १९०५ साली नारायण मंडळीत दाखल झाला आणि शकुंतला म्हणून मिरजेत उभा राहिला. तेव्हा वय होते सतरा.

त्या काळी घरंदाज बायका रंगभूमीवर काम करीत नसत. बायकांची कामे पुरुषच करायचे. त्यासाठी गळा हवा, चेहरा हवा आणि बांधा हवा. बालगंधर्वांकडे तिन्ही होते. त्यांचे लुगडे नेसणे आणि दागिने घालणे बघून शहरातल्या बायका तसे करू लागल्या.

कामाची निष्ठाही तशीच होती. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान' नाटकाचा पहिला खेळ होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. घरात असे दुःख असताना त्यांनी खेळ रद्द होऊ दिला नाही.

वैभव आणि कर्ज

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ चे 'स्वयंवर' आणि १९१९ चे 'एकच प्याला' ही नाटके अफाट चालली. 'एकच प्याला'मध्ये दारुड्याची बायको सिंधू करताना भरजरी शालू नेसणारा हा नट ठिगळाचे लुगडे नेसून जात्यावर बसायचा, आणि थिएटरात रडू फुटायचे.

पण हिशेब हा त्यांचा विषय नव्हता. उंची शालू, खरे दागिने, अत्तरे, तबल्याला थिरकवाखाँसाहेबांसारखा उस्ताद. उत्पन्न भरपूर, पण खर्च त्याच्या पुढे. १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जात बुडाली. त्यांनी हात वर केले नाहीत. गावोगाव खेळ करून काही वर्षांत ते देणे फेडले. कर्ज डोक्यावर घेऊन दर हंगामाला पुन्हा उभे राहणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

काळ फिरला, अंग फिरले

१९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळला. १९३४ च्या अखेरीस मंडळीचे काम थांबले. बालगंधर्व तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे. अंग सुटले होते, चेहरा प्रौढ झाला होता. प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात १९३५ साली त्यांनी संत एकनाथांचे, म्हणजे पुरुषाचे काम केले. पण तुकड्यातुकड्याने होणारे चित्रीकरण त्यांना मानवले नाही. समोर माणसे बसलेली नाहीत, दाद नाही, गाणे रंगेल तसे वाढवता येत नाही. एका चित्रपटानंतर ते प्रभातमधून बाहेर पडले. १९३७ चा 'साध्वी मीराबाई' हा चित्रपटही चालला नाही.

ते पुन्हा रंगभूमीवर आले आणि पन्नाशीतही स्त्रीभूमिका करीत राहिले. इथे खरे ते लिहायला हवे. जे रूप वयाबरोबर गेले ते साडीने परत आणता येत नाही. शिवाय आता स्त्रिया स्वतः रंगभूमीवर येऊ लागल्या होत्या. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी त्यांच्याच मंडळीत आल्या. प्रेक्षक घटला, पैसा घटला. तरीही जे येत ते डोळे मिटून ऐकत, कारण गळ्यातली जादू तशीच होती.

१९५० नंतर पायांनी दगा दिला. चालणे बंद झाले, त्यांना उचलून बसवावे लागे. ज्या नटाच्या नुसत्या प्रवेशाला टाळ्या पडायच्या, त्याचे उभे राहणेच संपले. मग त्यांनी बसून भजने गायला सुरुवात केली. शालू नाही, दागिना नाही. टाळ, पेटी आणि अभंग. आपल्या गावच्या देवळात एकादशीला असते तेवढेच सामान.

मान मिळाला. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण. सांगलीच्या विष्णुदास भावे गौरवपदकाचे १९६० सालचे पहिले मानकरीही तेच. पण हातात पैसा राहिला नव्हता. गोहरबाईंनी त्यांची सेवा केली, त्या १९६४ साली गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांचे निधन झाले.

आपल्या गावात

या आयुष्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. चार पैसे येतात त्या वर्षीच म्हातारपणाची तजवीज करावी. ती त्यांना जमली नाही. आणि एक काम अंगाला झेपेनासे झाले तर त्याच कलेतले झेपणारे काम धरावे. ते त्यांनी उशिरा का होईना, धरले.

आपल्या गावातही भजनाचा जुना गळा, तमाशातला थकलेला ढोलकीवाला, गोंधळी, शाहीर असतात. वयस्कर कलावंतांना मानधन देण्याची शासनाची योजना आहे. बरेच जण कागदपत्रांअभावी मागे राहतात. ग्रामपंचायतीने अशांची यादी करून पंचायत समितीत चौकशी करावी, अर्ज भरायला मदत करावी. आणि हरिनाम सप्ताहात त्यांना पुढे बसवून दोन अभंग म्हणायला लावावेत. पाय चालत नसले तरी गळा चालतो.